संगणकालाही चरख्याच्या अटी

१९२९ साली गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने नव्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी नेमक्या होत्या. यंत्र हलकं असावं, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावं, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये, निगा राखल्यास वीस वर्षं टिकावं आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांत भागावा. गांधीजींना सरसकट यंत्रविरोधी ठरवणाऱ्यांनी या अटी जरूर वाचाव्यात. वर्ध्यात १९३८ साली मगन संग्रहालय सुरू झालं, तेही ग्रामोद्योगाची अवजारं लोकांनी पाहावीत, समजून घ्यावीत म्हणूनच.

या कसोटीवर आजचा संगणक घासून पाहायला हवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित सुधारणा (अपडेट) थांबल्या. विंडोज ११ ला ठरावीक सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट संगणकही भंगाराच्या वाटेला लागतात. त्यांवर डेबियन लिनक्स ही खुली प्रणाली टाकून फक्त खिडक्या मांडणारा एक हलका विंडो मॅनेजर आणि आज्ञा टाइप करायचं टर्मिनल ठेवलं, तर तेच यंत्र पुन्हा कामाला लागतं.

पण टिकाऊपणाहून मोलाची गोष्ट आहे ती समज. लिनक्स ज्या वाटेने चालतं त्या, १९६९ साली बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या युनिक्सची रीत अशी, की एका अवजाराने एकच काम करायचं, पण चोख. समजा, हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगमधल्या कापसाच्या आवकेची साधी मजकूर-फाइल आहे. एका ओळीत एका गाडीची तारीख, गाव आणि वजन. ‘कट’ या आज्ञेने गावाचा रकाना वेगळा काढायचा, ‘सॉर्ट’ने नावं क्रमाने लावायची, ‘युनिक’ने मोजायची. आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ दिली, की एकीचं उत्तर दुसरीच्या हाती जातं आणि कोणत्या गावाच्या किती गाड्या आल्या ते समोर येतं. ‘सॉर्ट’ वगळलं तर हिशेब चुकतो, कारण ‘युनिक’ला फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी ओळखता येतात. हे कारण एकदा कळलं, की माणूस चूक स्वतः शोधतो आणि स्वतः सुधारतो. स्वावलंबन म्हणतात ते हेच.

मात्र झोपडीतल्या माणसाला चालवता यावं, ही अट अजून पुरी झालेली नाही. आज्ञा इंग्रजीत आहेत. लिनक्सच्या निव्वळ कन्सोलवर, म्हणजे खिडक्यांविना चालणाऱ्या पडद्यावर, तर देवनागरी धड उमटत नाही. तिथल्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोयच नाही. खिडक्यांमधल्या कित्येक टर्मिनलांतही वेलांट्या सरकतात. मराठीत हिशेब ठेवणाऱ्याची ही अडचण खरी आहे आणि साधेपणाच्या कौतुकात ती झाकली जाऊ नये.

तरीही फरक मोठा आहे. बंद प्रणालीतला दोष दूर व्हावा म्हणून कंपनीकडे अर्ज करत बसावं लागतं. लिनक्समध्ये मूळ संहिता खुली आहे, ती कुणाच्या परवानगीविना उघडता आणि दुरुस्त करता येते. वर्ध्यात संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना नुसतं बटण दाबायला न शिकवता टर्मिनलवर देवनागरी धड उमटवण्याचं काम हाती द्यावं. ते आपलं आहे आणि ते आपल्यालाच करावं लागेल.