स्मरणचित्र कुणाच्या स्मरणातलं?

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना 'स्मरणचित्रा'चा पेपर आठवत असेल. आठवडी बाजार, बसथांबा, पावसातली शाळा असा काही विषय यायचा. समोर वस्तू नाही, पुस्तक नाही. जे पाहिलं असेल ते आठवून काढायचं.

मध्यंतरी एका चित्रकला क्लासमध्ये जाऊन बसलो होतो. आठवीतल्या एका मुलीनं बाजार काढला होता. छत्रीसारखी पालं, डोक्यावर टोपली घेतलेली बाई, मागे नारळाची झाडं. शेजारच्या मुलाचा बाजारही तसाच. तिसऱ्याचाही. मी विचारलं, "तुमच्याकडे बाजार कधी भरतो?"

"गुरुवारी."

"तिथं नारळाची झाडं आहेत?"

"नाहीत. रीलमध्ये आहेत," ती म्हणाली. खोटं बोलावं असं तिला वाटलंच नाही, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

तिला नावं ठेवायला मी धजावत नाही. आम्ही तरी काय केलं? रविवर्म्यांच्या छापखान्यातून 1894 पासून देवादिकांची चित्रं घरोघर गेली. पुढे भिंतीवर कॅलेंडरं आली, 'दीपावली' अंकावर चित्रकार दलालांची मुखपृष्ठं आली. आम्ही त्यांच्यावर पेन्सिलीनं चौकोन आखले आणि एकेक चौकोन उतरवून काढला. नक्कल ही चित्रकलेची बाराखडीच आहे. फरक एवढाच, की दलालांचं मुखपृष्ठ पुरं होऊन आमच्या हाती यायचं. ती रेषा कुठून सुरू झाली असेल, हे आमचं आम्हाला शोधावं लागे. रीलमध्ये रेषा सुरुवातीपासून दिसते. उलट ही सोय जास्त चांगली, असंही कुणी म्हणेल, आणि खेड्यातल्या ज्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नाही तिथं ते खरंही आहे.

पण रीलच्या त्या चाळीस सेकंदांत वेळ कापलेला असतो. जलरंगाचा पहिला वॉश सुकायची वाट पाहावी लागते. घाई केली की कागदावर चिखल होतो. ही वाट पाहणं रीलमध्ये नसतं. खोडरबर नसतो. वाया गेलेले कागद नसतात. मुलाला मग रंग सुकायला वेळ लागतो असं वाटत नाही, आपलाच हात मंद आहे असं वाटतं. उलट चित्रकार धुरंधरांनी जे. जे. स्कूलमधल्या आठवणी लिहिल्या त्या पुस्तकाचं नाव 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. शीर्षकातच वर्षं मोजलेली आहेत.

याहून अवघड गोष्ट मोठ्यांची आहे. आता बहुतेक क्लासचं समाजमाध्यमांवर स्वतःचं पान असतं. त्यावर 'आमच्या विद्यार्थ्याची कलाकृती' झळकते. जाणकाराला लगेच कळतं, की नाकाच्या बाजूची सावली आणि केसांवरचा तो एक उजेडाचा फटकारा मुलाचा नाही, त्यावर सरांचा हात फिरला आहे. वर्गात सरांनी हात फिरवणं हे शिकवणंच असतं. तोच कागद मुलाच्या नावानं चारचौघांत मांडला, की त्याची जाहिरात होते. कौतुकाचे अंगठे मोजताना त्या मुलाला पक्कं माहीत असतं, की हे आपलं नव्हे. आणि ज्याचं चित्र कधीच पानावर चढत नाही, त्यालाही एक गोष्ट न बोलता कळलेली असते.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. ठीकच आहे. पालक प्रवेश-अर्जावर सही करतात तेव्हाच तीही उरकतात. पण चित्र ज्याचं, त्याला कोण विचारतं? फसलेलं चित्र उलटं करून दप्तरात घालायचा हक्क कुठल्याच अर्जावर लिहिलेला नसतो. मला तो मोठा वाटतो. चुकायला आडोसा नसेल, तर मूल जे हमखास जमतं तेच काढत राहील. म्हणजे पुन्हा नारळाची झाडं.

मी बसलो होतो त्या क्लासच्या बाईंनी फोनवर बंदी घातली नाही. दर रविवारी बाई क्लासच्या ग्रुपवर एक चित्र पाठवतात, कधी धुरंधरांचं, कधी आणखी कुणाचं, आणि एकच प्रश्न विचारतात: यात उजेड कुठून येतोय? मुलं आवाजी निरोपांतून भांडतात. (एकदा एका आजोबांनीही आपलं मत नोंदवलं.) बाजाराच्या चित्रासाठी मात्र त्यांनी सगळ्यांना गुरुवारी पिशवी घेऊन बाजारात पाठवलं. फोन घरी.

त्या मुलीचं नवं चित्र मी पाहिलं. बटाटेवाला पाठमोरा बसलेला, तराजू वाकडा, पालाची दोरी चक्क विजेच्या खांबाला बांधलेली. बाईंनी विचारलं, "ग्रुपवर टाकू का गं?"

"नको बाई, इतक्यात नको," ती कागदावरून मान न उचलता म्हणाली. "त्याचे पाय कसे होते, ते या गुरुवारी परत बघून येते."