परका पाहुणा आणि आपले दार

पाहुणा हा शब्द आपल्या घरांत बहुधा नात्याचा हात धरून येतो. लग्नासाठी आलेला मामा, सणाला माहेरी आलेली लेक, बाप्तिस्म्याला जमलेले सोयरे ही सारी आपलीच माणसे. त्यांचा पाहुणचार हे एक जुने देणेघेणे असते. आज ते आपल्याकडे उतरतात, उद्या आपण त्यांच्याकडे. परंतु ज्याची भाषा आपणास कळत नाही आणि ज्याच्या गावी आपण कधी जाण्याचा संभव नाही, असा परदेशी प्रवासी प्रथमच घरी राहावयास येतो, तेव्हा नात्याचा हा आधार सुटतो. मग प्रश्न पडतो : त्याला आपण घरात घेतो ते कशासाठी? तो त्याचा हक्क आहे म्हणून, की आपले औदार्य आहे म्हणून?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या होरपळीनंतर, १९४९ साली, डेन्मार्कमध्ये 'सर्वास' ही चळवळ सुरू झाली. परक्या देशाची माणसे एकमेकांच्या घरी राहिली, एका मेजावर जेवली, तर वैराचे विष उतरेल, ही तिच्यामागची श्रद्धा. साधारण दोन रात्रींचा मुक्काम, आणि पाहुण्याकडून पैसे घ्यावयाचे नाहीत, ही तिची रीत. ती पुढे आपल्या देशातही आली. फ्रान्समधील तेझे येथील बंधूंच्या पुढाकाराने १९७८ पासून दर वर्षअखेरीस युरोपातील एखाद्या शहरात तरुणांचे मेळावे भरू लागले, आणि अनोळखी तरुणांना तेथील कुटुंबे आपल्या घरी उतरवून घेऊ लागली. २०२३ साली लिस्बन येथे जागतिक युवा दिन झाला, तेव्हाही अनेक घरांनी असेच दार उघडले.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९५ साली चिरंतन शांततेवर जो निबंध लिहिला, त्यात या प्रश्नाचा विचार आहे. पृथ्वी गोल आहे. माणसे कितीही पांगली तरी शेवटी त्यांना एकमेकांच्या शेजारीच राहावे लागणार. म्हणून परक्या भूमीवर पाय ठेवणाऱ्यास, तो शांततेने वागत असेतो, शत्रूसारखे वागविले जाऊ नये, एवढा त्याचा हक्क ते मानतात. मात्र हा हक्क भेटीचा आहे, मुक्कामाचा नव्हे. घरातील पाहुणा होण्यासाठी यजमानाची वेगळी, स्वखुशीची संमती हवी. ही सीमा त्यांनी आखली, कारण भेटीच्या निमित्ताने युरोपीय सत्तांनी हिंदुस्थानासारख्या देशांत काय केले, हे ते पाहत होते. आपल्या वसईला हे निराळे सांगावयास नको. १५३४ ते १७३९ या दोन शतकांत समुद्रावरून आलेले येथे धनी होऊन राहिले. आपली श्रद्धाही त्याच वाटेने आली, म्हणून त्या इतिहासाकडे आपण कृतज्ञतेने पाहतो, आणि सावधपणेही.

तेव्हा यजमानाने सावध असणे हे पाप नव्हे. परदेशी नागरिकास घरी ठेवून घेणाऱ्याने त्याची माहिती २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाची असते; ती कळविल्याने पाहुणचारास बाध येत नाही. दाराला उंबरठा असतो म्हणूनच दार उघडण्यास काही अर्थ असतो.

परंतु खरी कसोटी पुढेच आहे. संमती आपल्या हाती आली, की ती आपण कोणास देतो? सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ५३ व्या प्रकरणात प्रत्येक पाहुण्याचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्ताचे म्हणून करावे असे सांगितले आहे. त्यातही गरीब आणि यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्यावी. कारण श्रीमंताचा दराराच त्याला मान मिळवून देतो. मानवी स्वभावाची केवढी अचूक पारख! गोऱ्या कातडीचा पाहुणा येणार म्हटले, की आपण भिंतींना रंग देतो, कपाटातली चिनीमातीची भांडी बाहेर काढतो, मुलांना इंग्रजीत बोलण्याची तंबी देतो. आणि नेपाळहून आलेला, आपल्याच गृहसंकुलाच्या फाटकाशी रात्र काढणारा रखवालदार? कायद्याच्या भाषेत तोही परदेशीच. त्याला आपण कधी ओटीवर बसवून चहा दिला आहे का? आफ्रिकेतून शिकावयास आलेला विद्यार्थी भाड्याची खोली शोधू लागला, की आपला 'अतिथी देव' कोठे जातो? ज्या पाहुण्यामुळे आपली प्रतिष्ठा वाढते, त्याचा पाहुणचार हा पुष्कळदा आपलाच सत्कार असतो.

दुसरी एक गोष्ट घराच्या आतली. पाहुण्यास 'या' म्हणतो घरातील पुरुष. पहाटे उठून न्याहारी रांधते, पाणी तापविते, अंथरुणे बदलते ती घरातील स्त्री. दुसऱ्याच्या श्रमावर दाखविलेले औदार्य हे औदार्य नव्हे. ज्या घरात निर्णय आणि कष्ट दोन्ही वाटून घेतले जातात, तेथेच पाहुण्याला खऱ्या अर्थाने घर भेटते.

आणि पाहुण्याचे काय? तो आपल्या भाविकतेचा वा रितीभातींचा परीक्षार्थी नव्हे. त्याला मासळी आवडत नसेल, एकांत हवा असेल, आपल्याबरोबर मिस्साला यावयाचे नसेल, तर तो त्याचा अधिकार आहे. त्याने भाजी चिरावयास हात पुढे केला, तर 'छे, छे' म्हणून तो परतवू नये. जो केवळ देतो आणि काहीच घेत नाही, तो नकळत समोरच्याला लहान करतो. फ्रेंच भाषेत यजमान आणि पाहुणा या दोघांना एकच शब्द आहे. त्या शब्दात मोठे शहाणपण साठले आहे.

तर मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. शत्रूसारखे न वागविले जाणे हा परक्याचा हक्क; घरात जागा देणे ही आपली खुशी. पण ती खुशी माणूस पाहून, म्हणजे त्याचा देश, रंग आणि खिसा पाहून, बदलू लागली की तिला पाहुणचार म्हणता येत नाही. परदेशी पाहुण्यासाठी प्रथमच खाट मांडताना प्रत्येक कुटुंबाने स्वतःस एवढे विचारावे : उद्या याच दारी याच्याहून गरीब परका आला, तर ही खाट त्याच्यासाठी मांडली जाईल का?