कागदावर न मावणारी मालकी

इंडोनेशियाच्या दक्षिण सुलावेसीतल्या बुगिस लोकांच्या खेड्यात घर विकले म्हणून जमीन विकली असे होत नाही. घर लाकडी, खांबांवर उभे. वर माळ्यावर भात, मध्ये माणसे, खाली नांगर, जाळी, कोंबड्या आणि आता मोटारसायकली. घर घेणाऱ्याची जागा जवळच असली तर ते उकलायचीही गरज नसते. खाली बांबू बांधून गावातले पुरुष ते खांद्यावर उचलतात आणि नव्या जागी नेऊन ठेवतात. मजुरी नसते, जेवण असते. 'माप्पालेत्ते बोला' नावाच्या या प्रकाराच्या चित्रफिती पर्यटक आवडीने पाहतात. मला त्यात मालकीविषयीची एक समज दिसते. घर एकाचे, खालची जागा चुलतभावाची किंवा मावशीची, आणि यात कुणालाही काही वावगे वाटत नाही.

शेतात हा गुंता अधिक दाट आहे. भातखाचराला बुगिस 'गालुंग' म्हणतात. एका गालुंगचा धनी एक, कसणारा दुसरा आणि पीक नेणारा तिसरा असू शकतो. बटाईने कसणे म्हणजे 'तेसेंग', गहाण म्हणजे 'सान्रा'. सान्रात पैसे देणारा जमीन ताब्यात घेतो आणि मुद्दल परत येईपर्यंत पीक खातो. वेगळे व्याज नाही. पुष्कळदा मूळ मालकच आपल्या गहाण पडलेल्या शेतावर बटाईदार म्हणून राबत राहतो. इंडोनेशियाच्या 1960 च्या एका कायद्याने यावर सरळ तोडगा काढला: सात वर्षे गहाण राहिलेली शेतजमीन एक पैसाही न घेता परत करायची, कारण तेवढ्या वर्षांत पिकातून मुद्दल फिटले असे धरायचे. हिशेब चोख आहे. तरी गावात हे कलम सहसा कुणी काढत नाही. गहाण घेणारा बहुधा नात्यातला असतो, आजारपणात किंवा लग्नाच्या खर्चात त्यानेच हात दिलेला असतो. त्याच्या दारात जाऊन 'सात वर्षे झाली, आता फुकट दे' म्हणणे म्हणजे स्वतःच्या 'सिरी'ला, म्हणजे अब्रूला, आपणच धक्का लावणे. शिवाय पुढच्या अडचणीत त्याच दारात जायचे असते.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल की परंपरेचे हे जाळे किती माणसाळलेले आहे. ते तसे आहे, पण त्यात वरचा आणि खालचा आहे. बुगिस समाज कमालीचा उतरंडीचा. घराच्या त्रिकोणी दर्शनी फळीला किती थर, यावरून कुळाचा दर्जा ओळखता यायचा. बटाईदार जमीनदाराचा माणूसही असायचा. लग्नकार्यात, भांडणात त्याच्या पाठीशी उभे राहणे हा अलिखित खंडच होता.

समुद्रावर तीच मांडणी दिसते. नाव, इंजिन, जाळे ज्याचे तो 'पुंग्गावा', खलाशी 'सावी'. पैशांत पगार नाही. मासळी विकून खर्च वजा केला की उरलेल्याचे वाटे पडतात, आणि माणसांप्रमाणे नावेला नि इंजिनालाही वाटा असतो. वाट्यांची ही शिस्त जुनी. मकास्सर बंदरात वसलेल्या, वाजो भागातल्या बुगिस व्यापाऱ्यांचा प्रमुख आमान्ना गाप्पा याच्या नावाची सागरी संहिता 1676 ची मानतात. तीत भाड्याचे दर आहेत, खलाशांचे प्रकार आहेत, नफ्याच्या वाटण्या आहेत. पण हंगामाआधी सावीला मिळणारी उचल वाट्यांतून क्वचितच पूर्ण फिटते, आणि ती फिटेपर्यंत दुसऱ्या नावेवर जाता येत नाही. भागीदारी आणि बांधिलकी यांच्यातली रेघ इथे पुसट आहे. ती पुसट राहण्यात कुणाचे हित आहे, हे उघड आहे.

वारशाची गोष्ट निराळी. बुगिसांत नाते आई-बाप दोन्हींकडून मोजतात, मुलीला शेत मिळते, आणि लग्नानंतर जावई सासुरवाडीला येऊन राहणे नवलाचे नाही. घर बहुधा म्हातारपणी आईबापांना सांभाळणाऱ्या मुलीकडे, पुष्कळदा धाकटीकडे जाते. इस्लामी नियमाने मुलाला दोन वाटे, मुलीला एक. पुरुष कावडीने दोन ओझी वाहतो, बाई डोक्यावर एक, अशी त्याची बुगिस उपपत्तीही आहे. व्यवहारात मात्र आईबाप हयातीतच शेते देऊन टाकतात, मुलीच्या लग्नात काही ठरवतात, आणि मागे उरेल तेवढ्याला दोनास एकचा नियम लागतो. 1991 च्या इस्लामी कायदा-संकलनानेही वाट ठेवली आहे: आपला हक्काचा वाटा कळल्यानंतर वारसांनी आपसांत समेटाने वेगळी वाटणी केली तर ती चालते. या लवचीकतेचा मला आदर वाटतो. मात्र ती तोंडी आहे, आणि ज्याचा शब्द गावात जड त्याच्याकडे झुकणारी आहे.

आता यात जमिनीचे प्रमाणपत्र आणून ठेवा. 1960 च्या मूलभूत भूमी कायद्याने नोंदणीचा पाया घातला, 2017 पासून सरकारने ती देशभर झपाट्याने करायला घेतली. त्याआधी गावाचा पुरावा म्हणजे 'रिंचिक' नावाची जुनी करनोंद आणि शेजाऱ्यांची साक्ष. नोंदणीने भांडणे मिटतात आणि बँक कर्ज देते, हे खरे. माझा आक्षेप कागदाला नाही, त्याच्या घाईला आहे. एकावर एक रचलेल्या हक्कांतून एक नाव उचलायचे तर मोजणीच्या दिवशी ज्याचा हात वर असेल त्याचेच नाव उचलले जाते. मलेशियात जोहोर किंवा सबाहला पोट भरायला गेलेला भाऊ, गहाण टाकणारी विधवा, पिढ्यान्‌पिढ्या कसणारा बटाईदार, हे त्या दिवशी बांधावर नसतात किंवा असून गप्प असतात.

किनाऱ्यावर हे कागदाआधीच घडून गेले. 1980 च्या दशकात कोळंबीला भाव आला आणि पिनरांग, पांगकेपपासून बोनेच्या आखातापर्यंत खारफुटी तोडून 'पांगेम्पांग', म्हणजे मत्स्यतळी, बांधली गेली. ज्याने तोडले, बांध घातला, तो मालक. रान मोडून शेत करणाऱ्याला मालकी देणारा हा जुनाच नियम, पण खारफुटीत तो लावणे म्हणजे तिथे खेकडे, शिंपले आणि जळण गोळा करणाऱ्या बायका-मुलांचा हक्क नव्हताच असे धरणे. कुंपण न घालता वापरण्याचा हक्क ना परंपरेने नीट मोजला, ना सरकारने.

वाजोच्या तेम्पे सरोवरात तर मालमत्ताच ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात पाणी कितीतरी पट पसरते आणि शेतांवर जाळी पडतात. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळावर मका, कडधान्ये पेरतात. त्यातली काही जमीन चिठ्ठ्या टाकून वाटतात, ती 'कोती' जमीन. मासे अडवायच्या मोक्याच्या जागांचा मात्र लिलाव होतो. पैसेवाला जागा घेतो, आणि लहान कोळ्याने तिथे जाळे टाकले की तो चोर ठरतो. एकाच सरोवरात चिठ्ठी आणि लिलाव शेजारी-शेजारी नांदतात. चिठ्ठीची पद्धत मागासलेली आणि लिलावाची आधुनिक, असे कुणी म्हणत असेल तर त्याने आधी दोन्हींत कुणाच्या वाट्याला काय आले ते पाहावे.

नोंदणी थांबवा, असे माझे म्हणणे नाही, थांबणारही नाही. पण तिच्यात आजही थोडी जागा आहे. 1974 च्या विवाह कायद्याने लग्नानंतर कमावलेली मालमत्ता पतिपत्नी दोघांची मानली, आणि प्रमाणपत्र दोघांच्या नावे होऊ शकते. तरी ते बहुधा एकट्या पुरुषाच्या नावावर निघते, कारण मोजणीवाला विचारतो 'घरचा प्रमुख कोण?' तो प्रश्न 'हे शेत कुणाकुणाकडून आले, आणि यातून कोण कोण खाते?' असा बदलायला नवा कायदा लागत नाही. एक जादा रकाना लागतो, आणि तो भरायला बांधावर आणखी अर्धा दिवस.