बाळ विचारील तेव्हा

मुलगा झाला तर नाव लियाम, असं ओहायोत राहणाऱ्या त्या राजापूरकर तरुणाने बायकोला सातवा महिना लागला तेव्हाच ठरवून टाकलं होतं. अमेरिकेतलं सोशल सिक्युरिटी खातं दरवर्षी बाळांच्या नावांची यादी जाहीर करतं. २०१७ पासून मुलग्यांच्या यादीत हेच नाव पहिलं येत होतं. शिवाय त्याच्या वाचनात एक अभ्यास आला होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासासाठी बोस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५००० बनावट अर्ज धाडले होते. शिक्षण, अनुभव तोडीस तोड, फरक नावांचा. गोऱ्या माणसाचं वाटेल अशा नावाच्या अर्जांना कृष्णवर्णीयाचं वाटेल अशा नावाच्या अर्जांपेक्षा दीडपट बोलावणी आली. हे वाचून त्याला रात्रभर झोप लागली नव्हती. ऑफिसात रोज त्याच्या स्वतःच्या नावाची मोडतोड व्हायची आणि ‘चालेल, काहीही म्हणा’ असं तोच हसून सांगायचा. मुलाच्या वाट्याला हे येऊ नये, एवढंच त्याला वाटत होतं. परक्या देशात लेकरू वाढवणाऱ्या बापाची ही काळजी खरी आहे, तिला कुणी नाकं मुरडू नयेत.

बाळ जुलैत जन्मलं. इकडे राजापुरात अर्जुना आणि कोदवली दोन्ही नद्या फुगल्या होत्या, जवाहर चौकात पाणी शिरलं होतं आणि वीज सकाळपासून गेलेली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली त्याची आई पडवीत कंदील लावून बसली होती. व्हिडिओ कॉल आला. नातू बघून झाला, डोळे पुसून झाले आणि मग मुलगा म्हणाला, “आई, इथे बारशापर्यंत थांबायची पद्धत नाही. इस्पितळातून निघण्याआधीच जन्मदाखल्याचा अर्ज भरून देतात. लियाम लिहितोय. इकडचं आहे. म्हणजे मुळात आयरिश, विल्यमचं लहान रूप.”

“छान आहे की,” आई म्हणाली. “या नावाचा तुझा कोणी मित्र आहे का? अडीनडीला धावून आलेला? तसा असेल तर मीच बाळाच्या कानात सांगते.”

“नाही गं. तसं कोणी नाही.”

“मग उद्या पोर विचारील, बाबा, माझं नाव हे का ठेवलंत? तेव्हा काय सांगशील?”

“लोकांना म्हणायला सोपं जातं म्हणून.”

आई काही बोलली नाही. तिच्यासमोर कितीएक वर्षांची हजेरी उभी राहिली असावी. तिच्या वर्गात कुळवाड्यांची पोरं असत, मोहल्ल्यातली असत. पहिल्या दिवशी ती प्रत्येकाला जवळ बोलावून नाव विचारी, स्वतः म्हणून दाखवी आणि पोराने मान डोलावल्यावरच पुढच्याकडे वळे. एक मुलगा नाव सांगेचना. त्याचं नाव होतं धोंडू. पोरं चिडवायची म्हणून त्याने शाळाच सोडायची ठरवली होती. बाईंनी त्याच्या आईला बोलावलं. तिची आधीची तीन मुलं गेली होती. चौथ्याला मरणाची नजर लागू नये, दगडधोंडा समजून त्याने याला टाकून पुढे जावं, म्हणून धोंडू. दगडू, भिकू, केरू ही नावं पूर्वी घरोघर अशीच ठेवली जायची. आईने हे सगळं लेकासमोर सांगितलं. दुसऱ्या दिवशी हजेरीला तो असा ओरडला की शेजारच्या वर्गात ऐकू गेलं.

ही गोष्ट तिने फोनवर सांगितली आणि म्हणाली, “तेही नाव भीतीपोटीच ठेवलं होतं रे. पण भीती लेकराच्या जिवाची होती. तू कुणाच्या जिभेची काळजी करतोयस?”

मुलगा जरा घुश्शात म्हणाला, “नावात एवढं काय आहे? लग्नात तुझं नाही बदललं?”

“बदललं ना. ताटात तांदूळ पसरून तुझ्या बाबांनी अंगठीने लिहिलं. का बदलायचं म्हणून विचारलं, तर म्हणे पद्धत आहे. अजून बाजारात कोणी माहेरच्या नावाने हाक मारली की माझी मान आधी वळते.” मग जरा थांबून म्हणाली, “खरं सांगू? माझ्या मनात तुझ्या आजोबांचं नाव आहे.”

तेवढ्यात पलीकडून सुनेचा आवाज आला. “आई, मी बोलू?”

“बोल गं बाई.”

“मला वसंत ठेवायचंय.”

वसंत तिच्या वडिलांचं नाव. राजापूर आगारात चालक होते, मुंबईची रातराणी न्यायचे. पावसाळ्यात कशेडीच्या घाटात दरड आली की रात्र रात्र स्टिअरिंगवर बसून काढायचे आणि सकाळी घरी फोन करून आधी लेकीच्या परीक्षेची चौकशी करायचे. त्या पगारावर ती इंजिनिअर झाली. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा तिला व्हिसाच्या भानगडीत येता आलं नव्हतं.

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?” नवऱ्याने विचारलं.

“मला कोणी विचारलं होतं?”

कंदिलाच्या उजेडात सासूबाईंचा चेहरा उतरला. नाव ठेवायचा मान आत्याचा, घराणं मुलाकडचं, हे त्यांच्याही अंगवळणी पडलेलं. मुलाला त्या तासभर प्रश्न विचारत होत्या, पण जिने नऊ महिने पोटात वाढवलं तिला विचारायचं त्यांनाही सुचलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “मी माझं म्हणणं मागे घेतलं. वसंतच. बारशाला आत्या फोनवरून कानात सांगेल, मी बघते तिचं.”

मुलगा अजून घुटमळत होता. “पण शाळेत कुणाला म्हणता आलं नाही तर?”

“शिकवू,” बायको म्हणाली. “तूही आता तुझं नाव नीट सांगायला लाग. पोर ऐकत असणार.”

नर्स कागद घेऊन आली. तिने ‘वॅसंट’ म्हटलं. बायकोने ‘वसंत’ म्हणून दाखवलं. दोनदा चुकून तिसऱ्यांदा तिला ते जमलं. मग तिने बापाचं नाव विचारलं. सवयीने त्याच्या तोंडी ऑफिसातलं तोकडं नाव आलं होतं. ते गिळून त्याने पूर्ण नाव सांगितलं, आणि तिचं बरोबर येईपर्यंत तोही थांबला.