आपापल्या घरासमोरची भिंत



जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आपण सहसा वाचत नाही. नुसती नावांची यादी! पण जरा नीट पाहा. यरुशलेमचा पडलेला तट बांधायला याजक आले, सोनार आले, सुगंधी द्रव्ये बनवणारे आले. शल्लूम तर आपल्या मुलींना घेऊन आला. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला आणि ५२ दिवसांत तट पुरा झाला. तकोवाच्या सरदारांनी मात्र खांदा दिला नाही, हेही पवित्र शास्त्राने लिहून ठेवले आहे.

आज तट बांधावे लागत नाहीत. पण शहरांत माणसे एकत्र येऊन भिंती रंगवतात. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईत तुळशी पाइप रोडलगतची रेल्वेची लांबलचक भिंत लोकांसाठी खुली झाली. चित्रकार आले, तसे कधी ब्रश न धरलेलेही आले. डिसेंबर २०१७ मध्ये घाटकोपरजवळच्या असल्फा या डोंगरावरच्या वस्तीत 'चल रंग दे' उपक्रमाच्या स्वयंसेवकांनी रहिवाशांना सोबत घेऊन घरांच्या भिंती रंगवल्या. मेट्रोतून दिसणारी वस्ती एकदम खुलून दिसू लागली.

रंगाने गळके छप्पर थांबते का, गरिबी झाकली जाते एवढेच, असा आक्षेप अशा कामांवर घेतला जातो. आक्षेप खरा आहे. ज्याची भिंत त्यालाच विचारले नाही, तर चित्र कितीही सुंदर असो, ते बघणाऱ्याच्या सोयीचे. पण शेजाऱ्याच्या हातात डबा देऊन दिवसभर एका भिंतीपाशी उभे राहिले, तर त्याचे नाव कळते, अडचण कळते. मग छपराचीही गोष्ट निघते. नगरे मैत्रीने बांधलेली राहतात, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. आणि बरोबर बसून पुरेसे मीठ खाल्ल्याखेरीज माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, ही जुनी म्हणही तोच सांगतो. (सेमिनरीत शिकलेले तत्त्वज्ञान असे कधीतरी कामाला येते!)

राहू काही मुंबई नव्हे. आपल्याकडे भिंती रंगतात त्या खतांच्या जाहिरातींनी आणि निवडणुकीच्या घोषणांनी. रंगवणारा येतो, रंगवून निघून जातो. आपल्या चर्चच्या कुंपणाची भिंत रंगवायचे ठरले, तर पुण्याहून पेंटर आणणे सर्वांत सोपे. दोन दिवसांत काम होईल, चित्रही सुबक येईल. पण ती भिंत कोणाची होणार? गुऱ्हाळावर राबणारा परप्रांतीय मजूर रोज तिच्यासमोरून जातो. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुले तिच्या सावलीत खेळतात. पलीकडचे शेजारी आपल्या धर्माचे नाहीत, पण रस्ता आपल्या दोघांचा एकच आहे. ह्यांच्यापैकी कोणालाच आपण बोलावले नाही, तर आपण तकोवाच्या सरदारांपेक्षा वेगळे कसे?

चित्र कोणते काढायचे, ते आधी ठरवू नये असे मला वाटते. रेघा वाकड्या येतील, एखाद्याचा बैल शेळीसारखा दिसेल, येऊ द्या. हंगाम सुरू झाला की कोप्या पडतील. त्या मुलांसाठी भिंतीचा कोणता भाग राखायचा आणि शेजाऱ्यांकडे निरोप घेऊन कोणी जायचे, हे पुढच्या रविवारी मिस्सानंतर थोडे थांबून ठरवू या.