हात कधी सोडावा?

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्या अवधूताला आपण दत्तप्रभूच मानतो. पृथ्वी, वारा, कबुतर, अजगर, कोळी... यांपैकी एकानेही ‘ये, तुला शिकवतो’ असं म्हटलेलं नाही. पाहणं, निवडणं, अंगी बाणवणं, सारं काम शिष्याचं. मग शिकवणाऱ्याने करायचं तरी काय?

मला याचं उत्तर वेदपाठशाळेच्या संथेत दिसतं. गुरुजी एकदा म्हणतात, शिष्य दोनदा. पुढे शिष्य म्हणतो, गुरुजी ऐकतात. स्वर चुकला तरच थांबवतात. पहिल्याच दिवशी ‘तुझं तू बघ’ म्हणणं ही टाळाटाळ. पण पाठ झाल्यावरही पुढे पुढे सांगत राहणं, हा आपला मोहच की!

आरती म्हणताना नातू अडखळला की आपल्याला राहवत नाही, लगेच शब्द पुरवतो. जरा दम धरावा. त्याला आठवू द्यावं. अगदीच अडला तर पहिलं अक्षर सांगावं, पुढचं त्याचं त्याला म्हणू द्यावं. आपण जन्मभर त्याच्या शेजारी उभे नसणार. गप्प राहायला धीर लागतो. तो दत्तमहाराजांनी आपल्याला द्यावा.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥