फिर्याद कोणाची?

नौदलातले कमांडर के. एम. नानावटी यांच्यावरचा खुनाचा खटला १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात चालला. लोकांच्या आठवणीत त्यातला आरोपी राहिला, ज्युरी राहिली, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं उठवलेलं रान राहिलं. सरकारपक्षाच्या बाजूला बसलेल्या दोन वकिलांची आठवण मात्र थोड्यांनाच असेल. एक होते सरकारी वकील सी. एम. त्रिवेदी. दुसरे, वयानं तरुण, राम जेठमलानी. त्यांना सरकारनं नेमलं नव्हतं. मारल्या गेलेल्या प्रेम आहुजांच्या बहिणीनं ते दिले होते. खटला सरकारी वकिलानं चालवायचा आणि खासगी वकिलानं त्याच्या सांगण्याप्रमाणे वागायचं, असं १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४९३ सांगत होतं. त्यामुळे ज्युरीपुढे उभं राहून बोलणं जेठमलानींच्या हाती नव्हतं. तयारीत मदत करावी, मुद्दे सुचवावेत, सरकारी वकिलाच्या कानाशी लागावं, एवढंच.

भाऊ तिचा गेला होता, पण कागदोपत्री फिर्यादी होतं मुंबई राज्य.

ही व्यवस्था आज इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात काही विचित्र आहे असं सहसा वाटत नाही. घरात चोरी झाली, मुलगी मारली गेली, भावाला रस्त्यावर भोसकलं, की आपण ठाण्यात जातो आणि ‘फिर्याद’ देतो. हा शब्द फारसीतून आला. मदतीसाठी मारलेली हाक, असा त्याचा मूळ अर्थ. पण ती हाक ठाण्याच्या वहीत उतरली, की पुढे तिचं काय होणार यावर हाक मारणाऱ्याचा ताबा उरत नाही. दोषारोपपत्र पोलिसांचं, खटला सरकारचा आणि फिर्यादी हा सरकारपक्षाचा साक्षीदार क्रमांक एक.

असं नेहमीच नव्हतं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, तेव्हा रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि राघोबादादांना दोषी धरलं, हे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. त्या गोष्टीत सरकारी वकील नावाचं पात्र नाही. तपास करणारा आणि निवाडा देणारा एकच. न्यायाधीश करारी असेल तर न्याय, नसेल तर आनंद.

साधारण त्याच काळात बंगालमध्ये कंपनी सरकार दुसऱ्या प्रश्नाशी झगडत होतं. तिथल्या फौजदारी अदालतींत इस्लामी कायदा चालत होता आणि त्यात खुनाच्या बाबतीत मृताच्या वारसांचा शब्द वजनदार होता. वारसांनी माफ केलं किंवा रक्ताची किंमत घेतली, तर मारेकऱ्याचा जीव वाचे. १७९० च्या दशकात कॉर्नवॉलिसच्या राजवटीनं वारसांचा हा अधिकार काढून घेतला. परक्या सत्तेचा हा हस्तक्षेप होता, हे खरंच. पण त्यामागचा विचार टाकाऊ नव्हता. माफी देण्याचा हक्क ज्याच्या हाती असतो, त्याच्यावर ती माफी देण्यासाठी दडपण येतं. वारस गरीब आणि मारेकरी गावातला बलवान असेल, तर त्या माफीला मन मोठं असण्याचा पुरावा म्हणता येत नाही. खून हा एका घरावरचा घाव नसून सगळ्या समाजावरचा आहे, म्हणून समाजाच्या वतीनं राज्यानं उभं राहावं, ही कल्पना इथं रुजली.

गंमत अशी, की हे राज्यकर्ते ज्या देशातून आले तिथं खटला भरणं ही बहुतांशी खासगी बाब होती. चोर पकडून द्यायचा, साक्षीदार जमवायचे, खर्च सोसायचा, सगळं ज्याचं नुकसान झालं त्यानं. त्यासाठी व्यापारी आणि जमीनदार वर्गणी काढून मंडळं चालवत. १८२९ साली लंडनला पोलीस दल आलं, तेव्हापासून हळूहळू पोलीसच खटले भरू लागले. सार्वजनिक अभियोगांच्या संचालकाचं पद १८७९ च्या कायद्यानं निर्माण झालं आणि पोलिसांपासून वेगळी अशी देशव्यापी अभियोग सेवा तर १९८६ साली सुरू झाली. हिंदुस्थानातल्या १८९८ च्या संहितेनं मात्र सत्र न्यायालयातला खटला सरकारी वकिलाच्याच हाती दिला होता. घरच्या प्रजेवर टाकलेला भरवसा वसाहतीतल्या प्रजेवर टाकायला राज्यकर्ते तयार नव्हते, याखेरीज या फरकाचा दुसरा अर्थ लावणं कठीण आहे.

या वृत्तीचं टोक त्या संहितेच्या आधीच, १८९७ मध्ये, दिसलं होतं. ‘केसरी’तल्या मजकुराबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. दुखावलेला पक्ष सरकार, फिर्याद दाखल करणारा सरकारचाच अधिकारी आणि न्यायालयात आरोप मांडायला उभे राहिले ॲडव्होकेट जनरल बेझिल लँग. नऊ ज्युरर्सपैकी सहा युरोपीय होते. त्या सहांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी ज्युरर्सनी निर्दोष. शिक्षा झाली अठरा महिन्यांची. ‘सर्वांच्या वतीनं’ उभा राहणारा वकील केवळ सत्तेच्या वतीनं उभा राहिला म्हणजे काय होतं, याचा धडा मुंबईनं तेव्हाच घेतला.

स्वातंत्र्यानंतर म्हणूनच प्रश्न बदलला. खटला सरकारनं चालवावा हे ठरलं होतं. ‘सरकार’ म्हणजे नेमकं कोण, ते ठरायचं होतं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत वर्षानुवर्षं ‘पोलीस प्रॉसिक्यूटर’ उभे राहत. ज्या खात्यानं आरोपीला पकडलं, त्याच खात्याचा पगारी माणूस त्याच्याविरुद्ध बोलणार. अशा माणसाकडून, तपासात खोट आहे, एवढं साधं वाक्य कसं निघावं? १९५८ च्या चौदाव्या अहवालात विधी आयोगानं अभियोग पोलिसांपासून तोडावा अशी शिफारस केली. १९७३ ची नवी संहिता आली, तिनं सहायक सरकारी अभियोक्त्याचं पद आणलं. महाराष्ट्रानं १ एप्रिल १९७४ च्या अधिसूचनेनं जुन्या पोलीस प्रॉसिक्यूटरांनाच या पदावर नेमलं आणि त्यांच्यावरचा ताबा पोलीस खात्याकडेच ठेवला. नावाची पाटी बदलली, खुर्ची तीच. अखेर एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की यांचं वेगळं खातं करा आणि त्या खात्याचा प्रमुख थेट राज्य सरकारला जबाबदार ठेवा. शिफारस आणि आदेश यांच्यात सदतीस वर्षं गेली.

वसई-विरारच्या एका टाडा (दहशतवादविरोधी कायदा) प्रकरणातून आलेला १९९४ चा हितेंद्र विष्णू ठाकूर खटल्याचा निकालही याच मालिकेतला. आरोपीला जास्त दिवस डांबून ठेवायचं असेल, तर त्यासाठी सरकारी वकिलाचा अहवाल लागे. पोलिसांनी मजकूर द्यावा आणि वकिलानं तो पुढे सरकवावा, हे चालणार नाही, असं न्यायालयानं बजावलं. सरकारी वकील म्हणजे तपास यंत्रणेचं टपालघर नव्हे. त्यानं स्वतः वाचावं, स्वतः ठरवावं आणि कारणं लिहावीत.

टपालघराचा उल्लेख निघालाच आहे, तर इंग्लंडातलं एक प्रकरण सांगायलाच हवं. तिथं खासगी अभियोगाचा हक्क आजही शिल्लक आहे आणि पोस्ट ऑफिसनं तो मनसोक्त वापरला. १९९९ पासून दीड दशकात आपल्याच सुमारे ७०० शाखाचालकांवर पोस्टानं चोरी आणि खोट्या हिशोबाचे खटले भरले. हिशोबात तूट दाखवत होती ती ‘होरायझन’ ही सदोष संगणक प्रणाली. ज्याचं नुकसान झालं तोच तपास करणारा आणि तोच खटला चालवणारा. मध्ये थांबून ‘हा पुरावा खरा आहे का’ असं विचारणारा कोणी त्रयस्थ नव्हता. माणसं तुरुंगात गेली, दिवाळखोर झाली, काहींनी जीव दिला. शिक्षा सरसकट रद्द करण्यासाठी २०२४ साली ब्रिटिश संसदेला खास कायदा करावा लागला. पीडिताच्याच हाती खटला द्या, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावं. बलवान संस्था पीडिताच्या जागी उभी राहिली, की पीडिताचा हक्क शस्त्र होतो.

पण म्हणून सरकारी वकिलावर सगळं सोपवून निश्चिंत राहता येतं का? गुजरातमधल्या बेस्ट बेकरी खटल्यानं याचं उत्तर दिलं. वडोदऱ्यात १ मार्च २००२ च्या हल्ल्यात चौदा जण मारले गेले. जून २००३ मध्ये तिथल्या न्यायालयातून एकवीसच्या एकवीस आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि सरकारी वकिलानं त्यांना अडवलं नाही. सरकारी वकील बचावाच्या वकिलासारखाच वागला, असं एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोंदवलं आणि फेरखटला थेट महाराष्ट्रात पाठवला. सरकारी वकील नेमताना पीडितांचं म्हणणं विचारात घ्यावं, हेही सांगितलं. मुंबईत खटला पुन्हा चालला आणि २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. पुढे अपिलात त्यातले काही सुटले. पण खटला प्रामाणिकपणे चालवणं म्हणजे काय, हे त्या दोन न्यायालयांतल्या फरकानं दाखवून दिलं.

त्याआधी २००० साली चंदनतस्कर वीरप्पननं कन्नड अभिनेते राजकुमार यांना तामिळनाडूतून पळवून नेलं. त्यांची सुटका व्हावी म्हणून वीरप्पनच्या साथीदारांवरचे टाडाचे आरोप मागे घेण्यासाठी कर्नाटकातल्या सरकारी वकिलानं अर्ज केला, न्यायालयानं तो मान्यही केला. वीरप्पनच्या टोळीनं मारलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याचे वडील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यांनी ते थांबवलं. खटला मागे घ्यायचा की नाही हे सरकारी वकिलानं स्वतः ठरवायचं असतं, सरकारच्या निर्णयाखाली सही करायची नसते, हे पुन्हा एकदा सांगावं लागलं. पण लक्षात राहतात ते वडील. कायद्याच्या भाषेत त्यांचा त्या खटल्याशी संबंध नव्हता.

पीडिताला खटल्यात जागा हवी, हा विचार सगळ्यात आधी कायद्यात उतरला तो दलित-आदिवासींसाठी. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याच्या १९९५ च्या नियमांत, पीडिताची इच्छा असेल तर जिल्हादंडाधिकाऱ्यानं नामांकित ज्येष्ठ वकील नेमावा, अशी तरतूद आहे. जामिनापासून प्रत्येक टप्प्यावर पीडिताला सूचना आणि त्याचं म्हणणं ऐकून घेणं, हे २०१५ च्या दुरुस्तीनं आलं. ज्या गावात फौजदार, पंच, साक्षीदार आणि आरोपी एकाच ओट्यावर बसतात, तिथं ‘समाजाच्या वतीनं’ या शब्दांचा अर्थ काय होतो, हे या कायद्यामागच्या लोकांना अनुभवानं ठाऊक होतं. सर्वसाधारण कायदा त्यांच्या मागून चालत आला. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताला अपिलाचा हक्क मिळाला आणि सरकारी वकिलाला साह्य करण्यासाठी आपला वकील देण्याची मुभा मिळाली.

साह्य म्हणजे किती? हा प्रश्न २०१९ मध्ये रेखा मुरारका प्रकरणात आला. पतीच्या खुनाच्या खटल्यात आपल्या वकिलाला उलटतपासणी करू द्यावी, अशी पत्नीची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयानं नाही म्हटलं. काही राहून गेलं असं वाटलं तर सरकारी वकिलाला सुचवा, त्यानं ऐकलं नाही तर न्यायाधीशांच्या नजरेस आणा, शेवटी लेखी युक्तिवाद द्या. म्हणजे बोलण्याच्या बाबतीत १९५९ च्या बहिणीपेक्षा २०१९ ची पत्नी फार पुढे नव्हती.

ही मर्यादा कठोर वाटते, पण ती योग्य आहे. आरोपीला समोर एकच अभियोक्ता असावा. त्या अभियोक्त्यानं आरोपीच्या सोयीचा पुरावाही लपवू नये, शिक्षेसाठी आसुसू नये, हे १९९९ च्या शिवकुमार प्रकरणात न्यायालयानं म्हटलं होतं. जखम झालेल्या माणसाच्या वकिलाकडून ही अलिप्तता मागणं अन्यायाचं आहे. पैशाचा प्रश्न वेगळाच. महाराष्ट्राच्या १९८४ च्या नियमांत फिर्यादीच्या विनंतीवरून, त्याच्याच खर्चानं, विशेष सरकारी वकील नेमण्याची सोय होती. मुकुल दलाल प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती आवळली. गरज आहे का ते विधी विभागानं तपासावं आणि फी सहसा सरकारनं द्यावी. ज्याच्याकडे पैसा त्याला सरकारची वस्त्रं चढवलेला वकील, असं होऊ नये, हा त्यामागचा विचार.

अलिप्तता किती अवघड असते, ते नामवंतांच्या बाबतीतही दिसतं. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातल्या कसाबनं तुरुंगात बिर्याणी मागितली ही गोष्ट देशभर गाजली. त्याच्याविषयी सहानुभूतीची लाट येऊ लागली होती, ती मोडायला आपण ती रचली, असं विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये जयपूरला स्वतःच सांगितलं. पुरावा भक्कम होता, शिक्षा योग्य होती, ती गोष्ट न्यायालयाच्या निकालात आली नाही. तरीही ती सांगायला नको होती. ज्याच्यावर सरकार आणि समाज दोघांचा भरवसा आहे, त्याचा शब्द न्यायालयाबाहेरही खराच असायला हवा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ३६० नुसार खटला मागे घेण्याआधी पीडिताचं ऐकून घेणं बंधनकारक आहे. वीरप्पन प्रकरणातल्या वडिलांना दिल्लीपर्यंत जाऊन जे मिळवावं लागलं, ते आता सत्र न्यायालयातच मिळेल. त्याच संहितेचं कलम २० अभियोग संचालनालयाबद्दल आहे. गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांवर देखरेख ठेवण्याचं काम या संचालनालयाकडे दिलं आहे आणि संचालकांना प्रशासकीय दृष्ट्या राज्याच्या गृह विभागाखाली ठेवलं आहे. पोलीसही त्याच विभागाखाली येतात.